चार नंबरचा ठिपका

स्वयंपाकघरात वाटी पडली.

दुपारच्या गाढ शांततेत स्टीलची ती इवलीशी वाटी फरशीवर आपटली, काठावर गोल गोल फिरत राहिली, आणि कंटाळून एकदाची थांबली. रेवतीनं कीबोर्डवरची बोटं हवेतच धरून ठेवली. आतल्या खोलीत पाच वर्षांची ऋजू कुशीवर वळली आणि झोपेतच कुणाला तरी "माझाय तो" असं बजावून पुन्हा घोरू लागली.

"निमू," रेवती दबक्या आवाजात म्हणाली, "भडंग खायचंय तर खा की गपचूप."

स्वयंपाकघराच्या दारात निर्मयी उभी होती. रेवतीची नणंद, घरात सगळ्यांची निमू. वय वीस, उंची अशी की दारातून येताना वरच्या तोरणाला नमस्कार करून यावं लागे. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची ती कॅप्टन, चार नंबरचा शर्ट घालणारी. सांगलीकडच्या पोरी बोलतात तशी ती "मी आलो, मी गेलो"च बोलायची. नाशिकहून लग्न होऊन आलेल्या रेवतीला पहिलं वर्षभर त्याचं हसू यायचं. आता ऋजूही तसंच बोलायला लागली होती.

"डब्यातनं खाल्लं तर आई ओरडते. वाटीत घेतलं तर तू ओरडतेस. ओंजळीत घेऊन गच्चीवर जातो, मग कावळे ओरडतील." निमूनं भडंगाचा बकाणा भरला आणि पडद्याकडे मान लांबवली. "लागला का ग निकाल? माझा आकडा किती?"

रेवतीनं पडदा जरासा आपल्याकडे वळवला.

"चाललंय अजून."

"सांग की. मी काय रडणाराय होय?"

"लागला की सांगते. जा, पाणी पी, ठसका लागेल."

निमू गेली. रेवतीनं पडदा पुन्हा सरळ केला. निकाल लागून तास झाला होता. चार नंबरच्या पुढे आकडा होता उणे साडेतीन. संघातला सगळ्यात खालचा.

रेवती त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. ऋजू झाल्यापासून अर्धवेळ. उरलेला अर्धा वेळ कुठे जातो हे कुणा आईला विचारू नये. ऋजू झोपली की, बादलीत बोटी सोडत बसली की, सासूबाई तिला देवळात घेऊन गेल्या की, अशा चोरलेल्या तुकड्यांतून तिनं तीन वर्षांत एक यंत्र उभं केलं होतं. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं 'वजाबाकी'.

बास्केटबॉलचा जुना हिशेब सोपा होता. कुणी किती बास्केट केल्या, कुणी उडालेला चेंडू किती वेळा पकडला, तेवढं मोजायचं. पण बास्केट एक जण करते आणि तिची वाट चौघी मोकळी करून देतात. त्या चौघींची नोंद कुठेच होत नाही. म्हणून पुढे दुसरी पद्धत आली. कोणत्या पाच जणी मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला, एवढंच बघायचं. ही पद्धत प्रामाणिक, पण ढोबळ. पाच जणींच्या बेरजेत नेमकं कुणाचं किती, ते ती सांगत नाही.

वजाबाकी ते सांगायची. कॉलेजच्या हॉलच्या छताला कॅमेरे लावले होते आणि प्रत्येक मुलीच्या मनगटावर एक पातळ पट्टा असे. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्यांना मुली म्हणजे नुसते सरकणारे ठिपके दिसत; कोणता ठिपका कुणाचा, ते पट्टा सांगे. हंगामभर बघून बघून यंत्र प्रत्येकीची चाल शिकायचं. ती किती पटकन वळते, दमली की कुठे रेंगाळते, मैत्रिणीला अडवलं की धावून जाते की नाही. मग यंत्र एकीला संघातून काढायचं, तिच्या जागी एक सर्वसाधारण मुलगी उभी करायचं, आणि झालेले सगळे सामने आपल्या पोटात हजारो वेळा पुन्हा खेळवायचं. जो फरक पडेल तो त्या मुलीचा आकडा. घरातली बाई चार दिवस माहेरी गेली की घराला जे कळतं ना, तेच हे गणित.

आणि ते गणित बरोबर येत होतं. मागच्या हंगामात वजाबाकीनं सामन्याआधी सांगितलेलं बहुतेक खरं ठरलं होतं. आणखी सात कॉलेजांना ते हवं होतं. आपल्या कॉलेजच्या क्रीडा समितीनं तर या वर्षी ठरावच केला होता: ज्या मुलीचा आकडा शून्याखाली असेल तिला राज्य स्पर्धेच्या संघात घ्यायचं नाही, राखीव मुलींतून दुसरी घ्यायची. आणि पट्ट्याशी कुणी खेळ केला, तर अख्ख्या संघाला वर्षभर बंदी.

निमूचं हे शेवटचं वर्ष. तिला आयुष्यात एकच व्हायचं होतं: कोच. राज्य स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र असलं की क्रीडा प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला जागा पक्की. ते नसलं तर रांगेत शेवटी उभं राहायचं आणि घरच्यांनी दुसरं काही सुचवलं की मान डोलवायची.

फोन वाजला. संघाचे कोच, बाबर सर.

"मॅडम, उद्या सकाळी यादी पाहिजे बघा. समितीची मीटिंग आहे."

"उद्या आणते, सर. एकदा तपासून घेते."

"तपासायचं काय त्यात? तुमचं यंत्र चुकतंय होय कधी?"

ती उत्तर द्यायला जाते तोच ऋजू जागी होऊन आली. एका पायात निमूचा जुना बूट, गुडघ्यापर्यंत येणारा वाटावा इतका मोठा. तो फरपटत ती खुर्चीपाशी आली. "आई, बघ. आई, बघ ना. आई!"

"एक मिनिट, सर... ऋजू, आत्ता नाही."

"पण बघ तरी! आई, बघ मी..."

"ऋजू! एकदा सांगितलेलं कळत नाही? जा तिकडे!"

आवाज तिला हवा होता त्याहून फार मोठा निघाला. ऋजूनं पुढे केलेला पाय मागे घेतला. बूट फरपटल्याचा आवाज दारापर्यंत गेला आणि थांबला.

"उद्या या," फोनवर बाबर सर म्हणाले. "सावकाश या."

रेवतीनं फोन ठेवला. आधी हे संपवू, मग लेकीला जवळ घेऊ, असं तिनं ठरवलं. आया असं ठरवतात.

आपल्या यंत्रावर तिचा विश्वास होता. पण त्याहून जास्त विश्वास आकड्यांवर होता. घरातली दोन घड्याळं वेगळी वेळ दाखवायला लागली तर एक तरी चुकतंय, एवढं नक्की. म्हणून तिनं दुसरं घड्याळ काढलं, ती जुनी, ढोबळ, पाच जणींच्या बेरजेची पद्धत. निमू मैदानात असताना संघाचं काय झालं? पुढे गेला. जवळजवळ प्रत्येक सामन्यात. निमू बाकावर बसली की? घसरला. सरळ सरळ घसरला.

म्हणजे निमू असलेल्या पाच जणी जिंकतात आणि यंत्र म्हणतं, निमूमुळे संघ हरतो.

रेवती ताठ बसली. हे तिला आवडलं. आकडे भांडायला लागले की तिला आतून बरं वाटायचं, कारण भांडणात कुणीतरी खरं बोलतं. तिनं हंगामातला एकेक सामना उघडला आणि फक्त चार नंबरचा ठिपका बघत बसली. काही सामन्यांत तो ठिपका पाण्यातल्या मासोळीसारखा फिरत होता. काही सामन्यांत मध्येच, टाइमआउट झाला की, तोच ठिपका जड व्हायचा, चुकीच्या बाजूला वळायचा. जणू एकाच नावानं दोन-तीन मुली खेळत होत्या.

कराडविरुद्धचा सामना. तिसऱ्या सत्रात चार नंबरचा ठिपका चक्क लंगडत होता. डावा पाय. पट्ट्यानं पावलागणिक बसणारा हिसका टिपला होता, शंकेला जागाच नव्हती.

रेवतीला तो रविवार आठवला. त्या सामन्याहून निमू घरी आली ती ऋजूला खांद्यावर घेऊनच. दोघी हत्ती आणि माहूत झाल्या होत्या. निमूनं दिवाणखान्यात इतकं धपाधप नाचून घेतलं की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "पंखा पडेल हो आमचा."

मुरगळलेल्या पायानं कुणी हत्ती होत नाही.

गच्चीवर निमू वाळलेले कपडे काढत होती. तोंडात चार चिमटे धरलेले. रेवतीनं ऋजूचा फ्रॉक काढला, घडी घातली आणि विचारलं, "कराडच्या मॅचला पाय कुणाचा मुरगळला होता?"

निमूनं मान हलवली. तोंडात चिमटे असल्याचा तिला फायदा झाला.

"डावा पाय, निमू. पट्टा तुझा, पाय दुसऱ्या कुणाचा तरी. कुणाचा?"

निमूनं एकेक चिमटा काढून दोरीला लावला. चारही लावून झाले, तेव्हा बोलणं भाग पडलं.

"आफरीनचा."

आफरीन मुजावर संघातली सगळ्यात उंच मुलगी, निमूची जिवाभावाची मैत्रीण, मिरजेहून रोज येणारी.

"त्या दिवशी तिचा रोजा होता, त्यात घोटा मुरगळला. सर तिला बाहेर घ्यायला तयार नव्हते, समोरची उंच पोरगी आवरणार कोण? आणि आधीच्या दोन मॅचमध्ये तिचा आकडा शून्याला टेकला होता. रडायला लागली. मग टाइमआउटला आपण गोल करून हात मधे घालतो ना, त्यात मी माझा पट्टा तिला दिला. तिचा मी घेतला. झालं. मी खेळलो ते तिच्या नावावर, ती लंगडली ते माझ्या."

"एकदाच?"

निमू आकाशाकडे बघू लागली.

"निमू."

"एकदाच ठरलं होतं. मग कुणाचं पोट दुखायचं, कुणाचं घरी भांडण झालेलं, कुणी रात्रभर आजीपाशी दवाखान्यात. पोरी नुसत्या बघायच्या माझ्याकडं, मागायच्या नाहीत. मीच द्यायचो."

"माझं तीन वर्षांचं काम आहे ते!" रेवतीच्या हातातला फ्रॉक पुन्हा उलगडला. "तुम्ही त्याच्याशी लपंडाव खेळलात! निदान मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर तुला लिहायला लागलं असतं." निमू शांतपणे म्हणाली. "राग मानू नको वहिनी, तुझं यंत्र लई हुशार आहे. पण ते विसरत नाही. बाबर सर आधी काय कमी ओरडायचे? चेंडू फेकून मारायचे. पण दुसऱ्या दिवशी तेच चहा पाजायचे आणि म्हणायचे, चला पोरींनो, कालचं काल. आता कालचं काल राहतच नाही. वाईट दिवस एकदा आला की हंगामभर मानगुटीवर."

"आणि म्हणून सगळ्यांचे तू तुझ्या मानगुटीवर घेतलेस."

"माझ्याकडं चांगले दिवस पुष्कळ होते. चार दिले तर कुठं बिघडतंय?" मग हळूच, "वाटलं होतं, शून्याच्या वर राहीन. तूच म्हणतेस ना, निमू तू पुरून उरतेस. खाली गेलोय, होय?"

रेवतीनं मान डोलावली. निमूनं दोरीवरचा एक चिमटा काढला आणि उगाच उघडझाप करत राहिली.

"मग राहू दे तसंच. सांगितलंस तर अख्खी टीम वर्षभर घरी. नाही सांगितलंस तर मी एकटी घरी. वजाबाकी मला पण येते."

जिना उतरताना ती पाठमोरीच म्हणाली, "आणि ऋजूवर कशाला ओरडलीस ग? लेस बांधून दाखवायला आली होती बिचारी. आज पहिल्यांदा जमली तिला."

त्या संध्याकाळी रेवतीनं चपात्या केल्या त्या नुसत्या हातानं. मन दुसरीकडेच होतं. ऋजू आजीच्या मांडीवर बसून होती आणि आईकडे बघत नव्हती. पहिली चपाती तव्यावर वेडीवाकडी भाजली, एका कडेला काळी झाली. रेवती चरफडली.

"अगं, पहिली ती गाईची," सासूबाई म्हणाल्या. "तवा कुठं तापलेला असतो? पहिल्या चपातीवरनं बाईला नावं ठेवत नसतात. आणि शेवटचीवरनंपण नाही, तोवर बाई दमलेली असते. मधल्या बघायच्या."

रेवतीचा हात पोळपाटावर थांबला.

मधल्या बघायच्या! संख्याशास्त्रात याला नाव आहे, छाटलेली सरासरी. ती स्वतः दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवायची. सगळ्यात वाईट काही नोंदी आणि सगळ्यात चांगल्या काही नोंदी दोन्हीकडून छाटायच्या आणि उरलेल्यांवरून माणूस ओळखायचा. यात दयामाया काही नाही, हे चांगलं गणित आहे. एखाद्या दिवसाचा मुरगळलेला पाय मुलीच्या खेळाविषयी काही सांगत नाही, फक्त पायाविषयी सांगतो. तिनं तो दिवस मोजला होता, कारण मोजता येत होता. आणि मोजमापाच्या भीतीनं माणसं लपायला लागली की मोजलेलं सगळंच खोटं होतं. पोरींनी नियम मोडला हे खरं. पण विसरणं हे काम आहे आणि ते काम यंत्राला शिकवायचं राहून गेलं होतं.

"आई, तुम्ही संख्याशास्त्र शिकवायला हवं होतं," ती म्हणाली.

"मला काय येतंय," सासूबाई म्हणाल्या, "ती करपतेय बघ."

सकाळी हॉलमध्ये मुली सराव करत होत्या. दर सोमवारी गावातल्या जुन्या खेळाडू बायकांचा क्लब त्यांच्याशी सामना खेळायला यायचा. त्याही येऊन बाकावर बसल्या होत्या. बाबर सर शिट्टी गळ्यात अडकवून वाटच बघत होते.

"आणली यादी?"

"आणलीय. एक रकाना कमी आहे." रेवतीनं कागद पुढे केला. "एकेकीचा आकडा मी मागे घेतेय. पाच-पाच जणींच्या बेरजा दिल्यात. त्यांच्यावर सही केलीय."

सरांनी कागद उलटा करून पाहिला, रकाना मागं लपलाय की काय तसा. "का हो?"

"यंत्राला ठिपका बरोबर दिसतो. पण ठिपका कुणाचा हे पट्टा सांगतो आणि पट्ट्यावर माझा भरवसा उरला नाही. मैदानात पाच जणी कोणत्या, हे मात्र तुम्ही-आम्ही डोळ्यांनी बघतो. त्या पाच जणींत पट्टे कसेही असोत, बेरीज बदलत नाही."

"भरवसा का उरला नाही?"

"ते विचारू नका, सर. विचारलंत तर मला खरं सांगावं लागेल आणि तुम्हाला ते लिहावं लागेल."

सरांनी वळून मैदानाकडे पाहिलं. अचानक सगळ्या मुलींच्या बुटांच्या लेस सुटल्या होत्या; सगळ्याच खाली वाकून बांधत होत्या. आफरीन तर एकच लेस तिसऱ्यांदा बांधत होती. सर बराच वेळ त्या वाकलेल्या पाठींकडे बघत राहिले.

"लोक म्हणतील, मॅडम," ते हळू म्हणाले, "नणंदेसाठी वहिनीनं यंत्र वाकवलं."

"म्हणतीलच. म्हणून आधी आकडा सांगते, मग खेळू द्या." तिनं खडू उचलला आणि भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. "पूर्वार्धात निमूच्या पाच जणी खेळवा. आठ गुणांनी पुढे असतील. चार इकडे-तिकडे. उत्तरार्धात निमू बाकावर, बाकीच्या त्याच. तीन गुणांनी मागे पडतील. तेही चार इकडे-तिकडे. पट्टे नकोत. काढून ठेवा सगळ्या."

"आणि चुकलं तर?"

"तर वजाबाकी बंद. सात कॉलेजांना मी स्वतः कळवते."

पट्टे टेबलावर पडले. आफरीन मोकळं मनगट चोळत राहिली, बांगडी उतरवल्यासारखं. शिट्टी वाजली.

क्लबातल्या बायका काही ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यातली एक तर नातवाला बाकावर ठेवून खेळायला उतरली होती आणि कोपरं चालवत होती. रेवतीनं ठिपके नसलेला सामना किती दिवसांनी पाहिला. निमू ओरडत होती, हसत होती, चेंडू नसताना जास्त पळत होती. समोरची धिप्पाड बाई आफरीनवर आली की निमू मध्ये जाऊन उभी राहायची, धक्का खायची आणि आफरीन मोकळी सुटायची. पूर्वार्ध संपला तेव्हा संघ दहा गुणांनी पुढे होता.

उत्तरार्धात निमू बाकावर बसली. गुडघे हलवत, नखं खात. संघ त्या अर्ध्या वेळात चार गुणांनी मागे पडला. आफरीननं दोनदा चेंडू हवेतच अडवला नसता तर आणखी पडला असता.

एका सामन्यानं काही सिद्ध होत नाही, हे रेवतीइतकं कुणाला माहीत होतं? पण हंगामभराच्या बेरजेत ही आणखी एक बेरीज होती आणि ती चोख बसत होती. सरांनी फळ्याकडे पाहिलं, गुणफलकाकडे पाहिलं, मग खिशातून पेन काढून यादीत निमूच्या नावापुढे खूण केली.

"समितीला काय सांगू?"

"सांगा, यंत्र बनवणारीला यंत्रात दोष सापडलाय. एकेकीचे आकडे दुरुस्त होईपर्यंत कुणाला काढता येणार नाही. माझ्या नावानं सांगा."

"आणि ती सात कॉलेजं?"

"थांबतील. नाही थांबली तर चुकीचं यंत्र तरी जाणार नाही त्यांच्याकडे."

मग तिनं मुलींना गोल बसवलं. छाटलेली सरासरी तिनं चपात्यांवरून सांगितली आणि ती सगळ्यांना लगेच कळली. यापुढे प्रत्येकीचे हंगामातले दोन सगळ्यात वाईट आणि दोन सगळ्यात चांगले दिवस यंत्र स्वतःच सोडून देईल. कुणाला मागायला नको, द्यायला नको. "आणि यापुढे," ती शांतपणे म्हणाली, "जिचा पट्टा तिच्या हातात. यानंतर टाइमआउटच्या गोलात काही हललं, तर मी सरांनी विचारायची वाट बघणार नाही. कळलं?"

मुलींनी माना डोलावल्या. आफरीननं हात वर केला. "मॅडम, एक विचारू? वाईट दिवस काढा, चालेल. पण माझ्या त्या लंगड्या दिवशी मी दोन शॉट अडवले होते. ते तेवढे ठेवता येतील?"

सगळ्या हसल्या. निमूनं तिच्या डोक्यात टपली मारली. "लालची!"

"दिवस अख्खा जातो, आफरीन," रेवतीही हसत म्हणाली. "सुटा मिळत नाही."

हंगामाचे उरलेले सामने आपापल्या पट्ट्यानं झाले. आफरीनचा आकडा शून्याच्या वर आला, अगदी थोडासा, पण तो तिचा स्वतःचा होता. निमूचा किती आला ते रेवतीनं तिला सांगितलं नाही. पोरीचं डोकं आधीच तोरणाला लागत होतं.

राज्य स्पर्धेला संघ निघायच्या सकाळी निमू बॅग भरत होती आणि सासूबाई त्यात भडंगाचा डबा कोंबत होत्या. दारातल्या पायरीवर ऋजू बसली होती. तिच्यासाठी निमूनं लेसचे बूट आणले होते, तिच्या मापाचे. रेवती शेजारी टेकली. आज तिला कुठेच जायचं नव्हतं आणि हातात फोनही नव्हता.

ऋजूनं लेसचा एक कान केला, दुसरा कान केला, जीभ बाहेर काढून दोन्ही कान एकमेकांत अडकवले. एक कान सशाचा, एक उंदराचा, पण गाठ बसली.

"शाब्बास!"

"निमात्या म्हणाली, तुझं यंत्र आता वाईट दिवस काढून टाकतं."

"हो. मी शिकवलं त्याला."

"कुठलापण?"

"सगळ्यात वाईट असेल तो."

ऋजू दुसऱ्या बुटाकडे वळली. "मग तू मला ओरडलीस ना, जा तिकडे म्हणालीस, तो दिवस काढशील?"

रेवतीनं तिला ओढून मांडीवर घेतलं. इतकं सोपं उत्तर तिला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. "तो तर पहिला काढायचा. काढलाच समज."

ऋजू खूश झाली. मग तिचे पाय हलायचे थांबले. ती आपल्या बुटाकडे बघत राहिली, त्या सशाकडे आणि उंदराकडे, आणि कपाळाला बारीक आठी घालून तिनं मान वर केली.

"पण आई, त्याच दिवशी मला लेस आली होती. तो दिवस काढला तर मग मला लेस कधी आली?"